एकदाच विचारायचं

दादाला विलायतेला पाठवायचं ठरलं तेव्हा आमच्या घरातलं एकही माणूस पुण्याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या कापडखात्यात कारकून होते. ते एकदा गिरणीच्या कामासाठी पुण्याला जाऊन आले आणि पुढे आठवडाभर तिथल्या थंडीबद्दल बोलत राहिले. आईचं जग नातेपुत्याजवळच्या तिच्या माहेरापासून सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत. दादा लहानपणी शिकायला बार्शीला मावशीकडे राहिला होता, तोच काय तो आमच्यातला प्रवासी. मी इंग्रजी चौथीत होते. नकाशात इंग्लंडवर चटकन बोट ठेवता येतं, एवढ्या जोरावर मी स्वतःला त्या देशाची जाणकार समजत असे.

दादा गिरणीच्या विणकामखात्यात होता. चालत्या मागाजवळ नुसता उभा राहिला तरी कुठे बिघाड आहे ते तो सांगतो, असं अण्णांच्या कानावर येई आणि अण्णा ते आईला दोन-तीनदा सांगत. आमच्या भिंतीला लागून विणकरांचे हातमाग होते. त्यांची खटखट सकाळपासून भिंतीतून येत राही आणि ती थांबली की आई म्हणे, "त्यांची जेवायची वेळ झाली, पानं घ्या." दादा त्या आवाजात वाढला आणि त्याच कामात शिरला. गिरणीच्या मालकांना त्याच्यात काही दिसलं असावं. त्यांनी त्याला दोन वर्षांसाठी तिकडच्या एका गिरणीगावात शिकायला पाठवायचं ठरवलं. सगळी पेठ अण्णांना नमस्कार करू लागली. आई मात्र त्या दिवशी भाकरी थापताना दोनदा थांबली आणि मला म्हणाली, "कुसुम, तिथं त्याला वाढणार कोण गं?"

मला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला. आईला समुद्राची भीती नव्हती, थंडीची नव्हती, बाटण्याचीसुद्धा फारशी नव्हती. "जे मिळेल ते खा, देव बघत नाही," असं तिनं त्याला आपण होऊन सांगून टाकलं होतं. तिची भीती एकच होती: हा उपाशी राहील. त्याला कारण होतं. मावशीच्या भरल्या घरात पाच वर्षं काढताना दादा एक गोष्ट शिकून आला होता. वाढायला आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा वाढणाऱ्यानं हात बाजूला सारला की "अर्धीच हं" म्हणून घ्यायचं. ही रीत तशी आमच्याकडे सगळ्यांचीच. पण दादाच्या अंगात ती इतकी मुरली होती की स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईसमोरही त्याचा हात ताटावर आडवा यायचा. आई त्याला दोनदा विचारायची ती नावापुरती, तिसऱ्यांदा मात्र खरी. तो पोटभर जेवला की नाही हे तिला त्या तिसऱ्या वेळेवरूनच कळे.

आईच्या माहेरच्या गावचे एक हवालदार गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. मोठ्या लढाईत ते समुद्रापार गेले, पायात गोळी लागली आणि चार महिने गोऱ्या लोकांच्या दवाखान्यात पडून होते. ते लंगडत चालत, मिशांना पीळ देत, आणि आईला आक्का म्हणत, म्हणून आम्ही त्यांना हवालदारमामा म्हणायचो. दादाच्या जाण्याची बातमी कळली त्याच संध्याकाळी ते आले, उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, "आक्का, पोराला समदं शिकवून धाडतो. म्या जे भोगलं ते त्यानं भोगायचं न्हाय."

"काय भोगलं ते तरी सांगा," अण्णा म्हणाले.

"भूक," मामा म्हणाले. "पहिल्या दिशी नर्सबाईनं पाव आनला. म्या म्हनलो, नो. आपली रीत हाय न्हवं. मनात म्हनलो, आता दुसऱ्यांदा इचारंल. तर ती बया थ्यांक्यू म्हनून ताट घिऊन ग्येली की! दुपारी पुन्ना तसंच. रातीला पुन्ना. तीन दिस, अण्णा. पायात गोळी आन् पोटात आग."

दादा हसू लागला. "आणि चौथ्या दिवशी?"

"चवथ्या दिशी नो म्हनायचंच सोडलं. पाव आनला, यस. चा आनला, यस. साबन आनला तरी यस!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आई हसली नाही. ती म्हणाली, "माणूस नको म्हणतो म्हणून त्याला परत विचारत नाहीत? असली कसली माणसं?"

"मानसं वाईट न्हाईत, आक्का. तितं रीतच तशी हाय. एकदाच इचारायचं. दुसऱ्यांदा इचारलं तर त्यो म्होरल्याचा अपमान. जनू त्याला सवताचं पोट कळत न्हाय."

त्या दिवसापासून दादाची शाळा सुरू झाली आणि मी तिची मास्तरीण झाले. मामा सांगत आणि मी वहीत लिहून घेई. आजही त्या वहीतली ओळन् ओळ मला आठवते. काल कुणाच्या लग्नाला गेले होते ते आज आठवत नाही, पण हे आठवतं, म्हातारपणाची ही एक खोडच आहे. कुणाच्या खोलीत शिरताना दार वाजवावे. घरात शिरताना टोपी काढावी, जोडे काढू नयेत. पाहुण्याला त्याचे वय, पगार आणि मुले किती हे विचारू नये. जेवताना ढेकर देऊ नये, चूळ भरू नये. चहाचा आवाज करू नये. कुणी कप हातात दिला तरी आभार मानावेत, घरच्या माणसाचेसुद्धा. "घरच्या माणसाचे कसले आभार?" आईनं चुलीपासून विचारलं. आगबोटीत मळमळू लागल्यास कोठडीत पडून राहू नये, वर वाऱ्यावर जावे व कोरडा पाव चघळावा. लोकरीची बनियन अंगाला लागून घालावी, सदऱ्यावर नव्हे. रस्त्यात कुणाकडे टक लावून पाहू नये. ते लोक आपल्याकडे पाहतील, पाहू द्यावे. कसे काय विचारल्यास छान आहे म्हणावे, दुखणे सांगत बसू नये. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित करून: वाढताना एकदाच विचारतात. हवे असल्यास लगेच हो म्हणावे.

रविवारी दुपारी सराव असे. एका ट्रंकेवर दुसरी ट्रंक ठेवून त्यावर चादर टाकायची, ते टेबल. शेजारच्या विणकरांकडून एक खुर्ची मागून आणलेली. गिरणीच्या साहेबाच्या खानसाम्याकडून मामांनी एक काटा आणि एक बोथट सुरी पैदा केली होती. दादा काट्यानं ज्वारीची भाकरी तोडायला बघे आणि भाकरी उडून खाली पडे. शेंगाची चटणी काट्यावर काही केल्या राहीना. मामा साहेब होऊन समोर उभे राहत आणि आईला मडम व्हावं लागे. तिनं पदर खोचून यायचं, भाजीचा वाडगा पुढे करायचा, "घेतोस?" असं एकदा विचारायचं आणि तो नको म्हणाला तर वाडगा घेऊन निघून जायचं. बस्स.

पहिल्या रविवारी आईनं विचारलं, दादानं सवयीनं नको म्हटलं आणि आईचा पळा आपोआप दुसऱ्यांदा वाडग्यात गेला.

"थांबा की आक्का!" मामा ओरडले. "उचला. चला माघारी."

"अहो, त्यानं एक भाकरीसुद्धा धड खाल्ली नाही."

"म्हनूनच! आज अर्धपोटी उठला तर पुढच्या ऐतवारी तोंड उघडंल."

दादा खरोखरच अर्धपोटी उठला. तासाभरानं आई पदराखाली काहीतरी झाकून त्याच्याकडे निघाली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. "आई, तू त्याचं नुकसान करतेस." हे वाक्य मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हटलं. आई परत फिरली. दादा आतून म्हणाला, "मास्तरीणबाई फार कडक आहेत बुवा." मला त्याचा केवढा अभिमान वाटला! मी वहीच्या मागच्या पानावर दर रविवारी तो किती वेळा चुकला ते लिहीत असे. पहिल्यांदा पाच वेळा, मग तीन, मग दोन. कधी कधी तो एकदम "हो, वाढ" म्हणून जाई आणि मग स्वतःच लाजे, कान लाल होत. आई अशा वेळी खूश व्हायची सोडून त्याच्याकडे परक्या मुलाकडे बघावं तशी बघे. पुढे पुढे तिनं साध्या जेवणातही दुसऱ्यांदा विचारणं सोडलं. पोराला सवय लागायला हवी, म्हणायची. तिला ते किती जड जात होतं हे मला स्वतःला मुलं झाल्यावर कळलं.

जायच्या दिवशी सकाळपासून घरात शेंगाच्या पोळ्यांचा वास होता. भाजलेल्या दाण्यांचा आणि गुळाचा तो खमंग वास आमच्या सोलापूरच्या घरांतून नवा नाही. पण त्या दिवशी आईनं दाणे पुन्हा पुन्हा कुटले होते, पोळीत एक कणसुद्धा दाताखाली येऊ नये म्हणून. संध्याकाळच्या गाडीनं दादा मुंबईला निघणार होता. बरोबर द्यायला दशम्या आणि चटणी बांधून तयार होती. पण बांधून दिलेलं आणि ताटात वाढलेलं एक नव्हे, असं आई म्हणायची. दुपारी तो पाटावर बसला. ट्रंका त्याच्या सामानानं भरून दोरीनं बांधल्या होत्या, त्यामुळे टेबल नव्हतंच. अण्णा शेजारी, मी समोर, हवालदारमामा उंबऱ्यात. दादानं पहिली पोळी तुपाबरोबर हळूहळू खाल्ली. आई दुसरी घेऊन आली, वाकली, म्हणाली, "घे की रे."

दादानं ताटावर हात आडवा धरला. "नको गं आई."

आणि त्यानं मान वर केली. त्याच्या तोंडावर ते बार्शीचं हसू होतं, लहान पोरासारखं, पुढच्या विचारण्याची वाट बघणारं. आज मला ते इतकं स्पष्ट दिसतं. त्याला पोळी हवी होती. त्याहून जास्त, त्याला आईनं अजून एकदा विचारायला हवं होतं. आईच्या हातात पोळी होती, तुपाचा थेंब तिच्या मनगटावरून ओघळत होता, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. अण्णांकडे नाही, मामांकडे नाही, माझ्याकडे. मी वहीवाली होते ना.

मी म्हणाले, "एकदा नको म्हटलं की संपलं."

मामा उंबऱ्यातून "आज असू दे की, पोरी," असं काहीतरी पुटपुटले, पण तोवर आईनं पोळी परत दुरडीत ठेवली होती. दादा मोठ्यानं हसला. "बरोबर आहे मास्तरीणबाईंचं," म्हणाला, आणि हात धुवायला उठला.

स्टेशनवरचं मला फारसं आठवत नाही. गर्दी होती, दादाच्या अंगावर नवा कोट होता आणि तो त्याला खांद्यात थोडा मोठा होता. आई रडली नाही. गाडी सुटताना ती खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "विचारलं की हो म्हण रे." तेवढंच.

त्याची पत्रं येऊ लागली. मी ती मोठ्यानं वाचायची आणि शेजारचे माग त्या वेळेपुरते थांबायचे, त्या लोकांनाही ऐकायचं असे. त्यानं लिहिलं होतं, सगळीकडे धूर आणि ओल आहे, गिरणीचा भोंगा मात्र आपल्यासारखाच वाजतो. तो एका विधवा बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहत होता. बाई प्रेमळ आहेत, बटाटे रोज असतात. आई दर पत्राला एकच विचारायला लावायची, पोटभर जेवतोस ना. आणि दर वेळी उत्तर यायचं, हो. थंडी सुरू झाल्यावर एका पत्रात खोकल्याचा ओझरता उल्लेख होता, पुढच्या पत्रात नव्हता. त्यानंतर पत्र आलं नाही. गिरणीत तार आली. अण्णा भर दुपारी घरी आले, जोडे न काढता आत शिरले आणि भिंतीशी बसले. त्यांना असं जोड्यांसकट आत आलेलं पाहूनच आईला कळलं.

त्या दिवसांबद्दल मी लिहायला बसते आणि उठते, असं या आठवड्यात चारदा झालं. ते सोडून देते. आई जेवायची बंद झाली होती एवढं लिहिलं तरी पुरे. ताट समोर घेऊन बसायची, पहिला घास मोडायची आणि म्हणायची, "मी त्याला परत विचारलं नाही गं." ती मला दोष देत नव्हती. तिला त्या क्षणी मी तिथे होते हे आठवतच नव्हतं बहुतेक, आणि हेच मला सहन होत नसे.

दीड-एक महिन्यानं त्या घरमालकीणबाईंचं पत्र आलं. अण्णांचं इंग्रजी कापडाच्या गाठींवरच्या अक्षरांपुरतं होतं. शिवाय तारेनंतर ते कुठल्याच कागदाला हात लावेनासे झाले होते. मी पत्र आणि शब्दकोश घेऊन माजघरात बसले. अक्षर सुरेख, तिरपं होतं. बाईंनी लिहिलं होतं की तुमचा मुलगा माझ्या घरी राहिलेल्या सगळ्या मुलांत सभ्य होता. सर्दीचा ताप छातीत उतरला. डॉक्टर येत होते, त्यांनी करता येईल ते सगळं केलं. शेवटच्या तीन आठवड्यांत त्याची भूक गेली. मी रोज सूप आणि दूध घेऊन वर जात असे. तो म्हणे, नको, आभारी आहे. आजारी माणसाला भरीस घालणं मला बरं वाटेना, म्हणून मी तबक उचलून खाली आणत असे. आता मनात येतं, आणखी एकदा विचारायला हवं होतं का? मला कळत नाही. एका आईला हे लिहायचं की नाही, तेही मला कळत नाही.

मी ते पत्र तीनदा वाचलं. एखाद्या शब्दाचा अर्थ मी चुकीचा लावत असेन, अशी आशा होती. मी सगळे शब्द शब्दकोशात पाहिले, येत होते तेसुद्धा.

बाहेर आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. हवालदारमामा उंबऱ्यात होते, हल्ली ते रोज येऊन नुसते बसत.

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं. "जेवायचा का तो?"

"बाई रोज सूप घेऊन वर जायच्या. दूधसुद्धा."

"आणि तो नको म्हणाला असेल."

"हो."

"मग?"

मी पत्राकडे पाहत म्हणाले, "मग त्या परत विचारायच्या."

आई सरळ बसली. "परत? त्यांच्यात परत विचारत नाहीत ना? मामा म्हणाले होते."

"या बाई विचारायच्या. तीन-तीनदा विचारायच्या, असं लिहिलंय."

मला मान वर करवेना. मामा माझ्याकडे बघताहेत हे मला कळत होतं. ज्यानं तीन दिवस भूक काढली होती त्याला कोण फसवणार? मग त्यांचा आवाज आला, "असत्यात, आक्का. तशी बी मानसं असत्यात तितं."

"तीनदा विचारलं म्हणजे घेतलं असणार," आई म्हणाली. "तिसऱ्यांदा घेतोच तो." आणि तारेनंतर पहिल्यांदा ती मोकळी रडली. संध्याकाळी तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

मी इथे थांबले असते तर माझं पाप तेवढंच राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आईनं मला कागद घेऊन बसवलं. त्या बाईंना लिही, म्हणाली. मी सांगते तस्संच लिही. तुम्ही माझ्या पोराला परक्या मुलखात आईसारखं केलंत. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही, तुम्ही तीनदा विचारलंत. माझ्या हातून राहिलं ते तुमच्या हातून झालं. देव तुमचं घर भरलेलं ठेवो.

मला दुसरं काही लिहिता आलं असतं. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. नुसते आभार लिहून सही केली असती तरी कुणाला कळलं नसतं. मी तेरा वर्षांची होते आणि आदल्या दिवशी एकदा खोटं बोलले होते. मला वाटलं, निदान हे तरी आईनं सांगितलं तसं लिहावं. मी ते शब्दकोश पाहून, एकेक शब्द तोलून, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. मामा लंगडत जाऊन पत्र टाकून आले.

मी पुढे शिकले, मास्तरीण खरोखरच झाले, शेकडो मुलींना इंग्रजी पत्रं लिहायला शिकवलं. ते एक पत्र मात्र मनातून गेलं नाही. धुरानं भरलेल्या गावात एक म्हातारी बाई लिफाफा फोडते आणि वाचते की तुम्ही तीनदा विचारलंत. तिला काय वाटलं असेल? आईनं तिला माफ केलं असं वाटलं असेल, की हजारो मैलांवरून कुणी शांतपणे टोचलं असं वाटलं असेल? तिनं कुठलाही अपराध केला नव्हता. तिच्या देशाच्या रीतीनं ती वागली होती, आणि ती रीत माझ्या वहीत पहिल्या पानावर होती.

आईनं उत्तराची वाट पाहिली नाही. आभाराला कोण उत्तर पाठवतं, म्हणाली. पण मॅट्रिक होईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी पोस्टमनची हाक आली की मी हातातलं काम टाकून माजघरात जाऊन उभी राहत असे, आणि तो आमचं दार ओलांडून पुढे गेल्यावरच बाहेर येत असे.